मूळ आणि कूळ : ‘द आयरिश वॉशरवूमन’ या जिगचा प्रकरण अभ्यास

आयर्लंडच्या पारंपरिक संगीताशी ज्यांचा कधी संबंध आलेला नाही, त्यांच्याही कानावरून त्या देशाची म्हणून ओळखली जाणारी एक सुरावट बहुधा गेलेली असते. सेंट पॅट्रिकच्या दिवसाची मिरवणूक असो, रंगमंचावर आयरिश पात्र आणायचे असो किंवा शाळेच्या वाद्यवृंदाला आयरिश ढंगाचे काही वाजवायचे असो, बहुतेक वेळा तीच पुढे येते. तिचे नाव ‘द आयरिश वॉशरवूमन’, म्हणजे ‘आयरिश परटीण’. ती जिग आहे, म्हणजे सहा मात्रांच्या ठेक्यावर नाचासाठी वाजवली जाणारी द्रुत सुरावट, आणि फिडल हे तिचे हक्काचे वाद्य. फिडल हे वेगळे वाद्य नव्हे; व्हायोलिनच लोकसंगीतात वाजले की त्याला फिडल म्हणतात.

या सुरावटीचे प्रकरण अभ्यासासाठी घेण्याचे कारण असे, की जिच्या नावातच देशाचे नाव आहे तिच्याच जन्मगावाविषयी सर्वांत जास्त वाद आहे. इंग्लंडमध्ये १६५१ साली छापलेल्या एका नाचाच्या चालीशी तिचे तोंड इतके जुळते, की अनेकांनी तिला त्या चालीची लेक ठरवले. वेल्सच्या वीणावादकांच्या संग्रहात तिची बहीण सापडते. स्कॉटलंडमध्ये तिच्यावर एक अख्खा स्पर्धेचा नाच उभा आहे. आणि आयर्लंडमध्ये, जिथली म्हणून ती जगभर ओळखली जाते, तिथले जाणते वादक मैफलीत तिला क्वचितच हात लावतात.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. लोकसंगीताच्या बाबतीत हा सल्ला बऱ्याच अंशी शहाणपणाचा आहे, कारण मूळ शोधण्याच्या नादात प्रत्यक्ष वाहणारे पाणी पाहायचे राहून जाते. तरीही या प्रकरणात मूळ शोधणे मला आवश्यक वाटते, आणि ते कोणत्याही देशाच्या बाजूने निकाल देण्यासाठी नाही. सुरावट कुठे जन्मली या एका प्रश्नात दोन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत, ते सुटे करावेत एवढाच हेतू आहे. तिचा सांगाडा कुठून आला हा पहिला प्रश्न, आणि ती जिग म्हणून पुरी केव्हा व कशामुळे झाली हा दुसरा. आजवरचा बहुतेक वाद पहिल्याच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे.

सुरावट जवळून

प्रथम सुरावट समोर ठेवू. ती सहसा जी मेजरमध्ये वाजवतात. जी हा षड्ज धरला, तर पहिला भाग असा वाचता येतो. सुरुवातीला ‘प म’ असा छोटासा उचल आहे, आणि मग तीन-तीन मात्रांच्या जोड्या येतात: ‘ग सा सा, प़ सा सा, ग सा ग, प म ग’. हे झाले पहिले दोन खंड (सहा मात्रांचा एक खंड). पुढच्या दोन खंडांत हाच आकृतिबंध एक पायरी वर सरकतो: ‘म रे रे, ध़ रे रे, म रे म, ध प म’. पाचव्या आणि सहाव्या खंडात पुन्हा षड्जाची जोडी येते, आणि सातव्या-आठव्यात सुरावट मिटते: ‘म ग म, रे प म, ग सा सा, सा’. आठ खंड संपले, की तेच पुन्हा.

दुसरा भाग वरच्या सप्तकात उडी घेतो. ‘सां प सां, सां प सां, सां प सां, गं रें सां’, मग एक पायरी खाली ‘नि प नि, नि प नि, नि प नि, रें सां नि’. त्यानंतर या जिगमधली सर्वांत देखणी जागा येते. वरचा षड्ज प्रत्येक जोडीत अढळ राहतो आणि त्याच्याखाली एक-एक सूर पायऱ्या उतरत जातो: ‘ध सां सां, प सां सां, म सां सां, ग सां सां’. शेवटी पहिल्या भागाचाच समारोप परत येतो: ‘म ग म, रे प म, ग सा सा, सा’.

हे फिडलवर वाजवताना एक गोष्ट हाताला कळते, जी कागदावर दिसत नाही. पहिल्या दोन खंडांत षड्ज डी तारेवर तिसऱ्या बोटाने दाबायचा असतो आणि मंद्र पंचम त्याच तारेवर मोकळा मिळतो. पुढच्या दोन खंडांत उलट होते. आता पुन्हा पुन्हा येणारा ऋषभ मोकळ्या ए तारेवर वाजतो आणि खालच्या धैवतासाठी पहिले बोट टेकवावे लागते. म्हणजे आकृतिबंध तोच असला, तरी पहिल्या वेळी तळाचा सूर घुमतो आणि दुसऱ्या वेळी मधला. ज्याला हा फरक नको असतो तो ऋषभ डी तारेवर करंगळीने घेतो; मग आवाज सपाट आणि एकसारखा होतो. मला स्वतःला मोकळी तार आवडते, कारण सुरावट एक पायरी वर चढली हे तिच्या झंकारातूनच कळते. वाचून वाजवणाऱ्याला या दोन्ही पद्धती एकच वाटतील, पण नाचणाऱ्याला तशा वाटत नाहीत.

दुसऱ्या भागातील उतरती जागा ही खरी गजाची परीक्षा आहे. अढळ षड्ज ई तारेवर आहे आणि उतरणारे सूर, पहिला सोडला तर, ए तारेवर. त्यामुळे गज दोन तारांमध्ये झोके घेत राहतो, आणि मनगट सैल नसेल तर पहिल्या दोन जोड्यांतच घट्ट होऊन बसते. ही जागा फिडलच्या तारांवर इतकी चपखल बसते, की ती ज्या कोणाला सुचली त्याच्या हातात तेव्हा हेच वाद्य असावे, असे मानण्याचा मोह होतो.

१६५१ चे छापील पान

जॉन प्लेफर्ड या लंडनच्या प्रकाशकाने १६५१ मध्ये ‘द इंग्लिश डान्सिंग मास्टर’ हे पुस्तक काढले. त्यात १०५ नाच होते, प्रत्येक नाचाची कृती आणि तिच्यासोबत सुरावटीची एकच ओळ. या पुस्तकाच्या आवृत्त्या १७२८ च्या सुमारापर्यंत निघत राहिल्या. त्याच्या पहिल्याच आवृत्तीत ‘डार्गासन’ किंवा ‘सेडनी’ नावाची चाल आहे. तिचे नाव त्याहून जुने आहे; १७ व्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी नाटकांतही त्या नावाचा उल्लेख सापडतो.

डार्गासनचा सांगाडा परटिणीच्या तोंडाशी जुळतो, तो असा. षड्जाभोवती दोन खंड, मग तोच आकार एक पायरी वर ऋषभाभोवती दोन खंड, आणि पुन्हा तेच. हे साम्य वरवरचे नाही. ब्रिटिश बेटांच्या नृत्यसंगीतात दोन शेजारच्या सुरांवर आळीपाळीने उभ्या राहणाऱ्या सुरावटी पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या बहुतेक षड्जावरून एक पायरी खाली उतरतात. विशेषतः पाइपच्या, म्हणजे बॅगपाइपसारख्या पिशवीच्या वाद्याच्या, चालींमध्ये ही खाली उतरण्याची सवय ठळक आहे. वर चढणारी जोडी त्या मानाने कमी आढळते. म्हणून या दोन चालींचे नाते योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

पण दोहोंमध्ये एक मोठा फरकही आहे, आणि साम्य दाखवण्याच्या भरात त्याच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. डार्गासन मिटत नाही. तिचे आठ खंड संपतात तेव्हा सुरावट षड्जावर टेकत नाही. ती वरच्या पायरीवरच लटकत राहते आणि तिथूनच पुन्हा पहिल्या खंडात शिरते. तिला दुसरा भागही नाही. ती एक वर्तुळ आहे, आणि कुठेही थांबवली तरी मध्येच तोडल्यासारखी वाटते.

तिच्यावर होणारा नाच पाहिला, की याचे कारण उलगडते. डार्गासनमध्ये चार पुरुष आणि चार स्त्रिया एकाच सरळ रेषेत उभ्या राहतात, अर्ध्या भागात स्त्रिया, अर्ध्या भागात पुरुष, आणि मध्यभागी पहिली जोडी समोरासमोर. ती दोघे एकमेकांना ओलांडून पुढच्या व्यक्तीसमोर येतात, मग त्याच्या पुढच्या, आणि असे करत सगळी रांग एकमेकांतून सरकत जाते. या नाचात कोणत्याही आठ खंडांनंतर कोणी थांबत नाही. एक भेट संपते तीच दुसरी सुरू होण्यासाठी. जितक्या भेटी तितकी आवर्तने. अशा नाचाला मिटणारी सुरावट दिली असती, तर ती दर आठ खंडांनी नाचणाऱ्यांना अडखळायला लावणारी ठरली असती.

दावे आणि त्यांची ताकद

आता मुळाविषयीचे दावे तपासू. इंग्लंडचा दावा छापील तारखेवर उभा आहे, आणि तारीख पक्की आहे. परंतु तारखेचा अर्थ काय लावायचा हा प्रश्न उरतोच. लंडनमध्ये नृत्यसंगीत छापण्याचा धंदा १६५१ मध्ये सुरू झालेला होता. आयर्लंडमध्ये छापलेला आयरिश सुरावटींचा पहिला संग्रह डब्लिनच्या जॉन आणि विल्यम नील यांनी काढला तो १७२४ साली. त्यात ४९ सुरावटी होत्या. म्हणजे मधली ७३ वर्षे आयर्लंडमधील छापील पुरावा नाही, याचे कारण आयर्लंडमध्ये अशी पुस्तके छापलीच जात नव्हती. एखादी चाल त्या काळात आयर्लंडच्या झोपड्यांत वाजत होती की नाही, याविषयी या रिकाम्या जागेवरून काहीच सिद्ध होत नाही, ना होकार ना नकार. ‘आधी छापली त्याची’ हा न्याय इथे लावणे म्हणजे ज्याच्याकडे वही होती त्याचेच सारे धन असे म्हणण्यासारखे आहे.

वेल्सचा दावा वीणावादक एडवर्ड जोन्स यांच्या १८ व्या शतकाच्या अखेरच्या संग्रहामुळे पुढे आला. त्यात ‘किनविडची सुरावट’ अशा नावाने डार्गासनचीच बहीण शोभेल अशी चाल आहे. मात्र हा पुरावा प्लेफर्डनंतर सुमारे १४० वर्षांनी नोंदलेला आहे, त्यामुळे तो चालीचा प्रसार दाखवतो, जन्म दाखवत नाही.

आयर्लंडच्या बाजूने एक नाव घेतले जाते, ते लिमरिक परगण्यातील १८ व्या शतकातील पायपर (पाइपवादक) वॉकर जॅक्सन यांचे. जॅक्सन हे खाऊनपिऊन सुखी असे हौशी वादक होते आणि त्यांच्या नावाच्या जिगांचा मोठा ताफा आयर्लंडमध्ये फिरत होता. ‘जॅक्सन्स मॉर्निंग ब्रश’ ही त्यांतली विख्यात. परटिणीचे नातेही त्यांच्याशी जोडले जाते. येथे सावध राहावे लागते, कारण नामवंत वादकाचे नाव ही लोकसंगीतात चुंबकासारखी गोष्ट असते. आपल्याकडे बेनामी अभंग जसे थोर संतांच्या नाममुद्रेखाली जाऊन बसतात, तसेच हे आहे. तरी जॅक्सन यांचा काळ मला महत्त्वाचा वाटतो, कारण जिग दोन पूर्ण भागांत, स्वतंत्र नाव घेऊन छापील संग्रहांत दिसू लागते ती १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात. १७९० च्या दशकात तर ती आयर्लंडबाहेरही छापली जात होती.

ज्या जिगांचा जन्म दाखवता येतो त्यांच्याशी तुलना केली, की या प्रकरणाची अडचण कळते. ‘हेस्ट टु द वेडिंग’ ही आयर्लंडमध्ये घरोघर वाजणारी जिग १७६७ साली लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात ‘द इलोपमेंट’ या मूकनाट्यात गायली गेली. तिचे गाणे, प्रसंग, वर्ष, सारे हाताशी आहे. परटिणीला असा जन्मदाखला नाही.

नाचणाऱ्याच्या पावलाला काय हवे होते

माझे म्हणणे येथे सुरू होते. डार्गासनपेक्षा परटिणीत दोन गोष्टी जास्तीच्या आहेत: मिटणारा समारोप आणि दुसरा भाग. या दोन्ही गोष्टी कशासाठी आल्या, याचे उत्तर १८ व्या शतकातील आयर्लंडच्या नाचात शोधावे लागते.

आर्थर यंग या इंग्रज शेतीतज्ज्ञाने १७७६ ते १७७९ या काळात आयर्लंडचा दौरा केला आणि १७८० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. गरिबांमध्ये नाचाची आवड सर्वत्र आहे, त्यांच्यातलेच नृत्यशिक्षक एखादा पायपर किंवा अंध फिडलवादक बरोबर घेऊन झोपडीझोपडीतून फिरतात आणि तीन महिन्यांचे सहा पेन्स घेतात, अशी नोंद त्याने केली आहे. सहा पेन्स हा आकडा मला फार बोलका वाटतो. इतक्या थोड्या पैशांत जो शिकवतो, त्याला शिकवणीची एकके लहान, नेमकी आणि लक्षात राहणारी ठेवावीच लागतात.

ते एकक म्हणजे स्टेप. आयरिश एकल नाचात एक स्टेप आठ खंडांची असते. ती आधी उजव्या पायाने करायची आणि मग जशीच्या तशी डाव्या पायाने. म्हणून जिगचा प्रत्येक भाग आठ खंडांचा असतो आणि दोनदा वाजतो. दोन भाग मिळून बत्तीस खंड होतात. आठवा खंड संपतो तिथे पाय जमिनीवर ठामपणे टेकलेला हवा, कारण पुढच्याच क्षणी दुसऱ्या पायाने तीच गोष्ट सुरुवातीपासून करायची असते. पाहणारे शेजारीपाजारी त्याच क्षणी ठरवतात की पोराला जमले की नाही. इथे लटकत राहणारी सुरावट निरुपयोगी आहे. ‘म ग म, रे प म, ग सा सा, सा’ हा समारोप नाचणाऱ्याला दीड खंड आधी सांगतो की आता उतरायचे आहे, आणि शेवटच्या षड्जावर त्याला उभे करतो.

दोन्ही भागांचा समारोप एकच आहे, हेही याच गरजेतून आले असावे. आयरिश जिगांमध्ये ही पद्धत सर्रास दिसते: भाग दोन, शेपूट एक. नाचणारा दुसऱ्या भागाला वेगळी, अवघड स्टेप करत असतो. निदान उतरण्याची जागा त्याला ओळखीची मिळते. जुन्या स्टेप्सनाही असा ठरलेला शेवट असतो. सुरावट आणि पाय यांनी एकाच जागी एकत्र यायचे, असा हा करार आहे.

हा माझा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच मांडतो. पण त्याने जुन्या वादातली गाठ सुटते असे मला वाटते. सांगाडा, म्हणजे वर चढणारी ती जोडी, कोणाचीही असू शकते; ती समुद्रापलीकडून आली असेल किंवा सगळ्यांच्याच कानात आधीपासून असेल. जिला आपण परटीण म्हणतो ती सुरावट मात्र रांगेत सरकणारा सामूहिक नाच सोडून एका माणसाच्या पावलांसाठी वाजू लागली तेव्हा घडली. त्या अर्थाने तिच्या नावातला ‘आयरिश’ हा शब्द सार्थ आहे.

अमेरिकेतील सॅम्युएल बेयार्ड यांनी १९५० मध्ये ‘सुरावटींचे कूळ’ ही कल्पना मांडली: एका मूळ चालीपासून उतरलेल्या, एकमेकींशी सतत जुळत राहणाऱ्या चालींचा गट. पुढे जेम्स काउडरी यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात आयरिश परंपरेच्या आधारे ती कल्पना मोकळी केली. सुरावटींचे नाते तीन प्रकारे असू शकते, असे त्यांनी दाखवले: साऱ्या चालीची रूपरेषा जुळते, एखादाच भाग जुळून बाकीचे वेगळे असतात, किंवा छोटे तुकडे नव्या मांडणीत एकत्र येतात. परटीण आणि डार्गासन यांचे नाते दुसऱ्या प्रकारचे आहे. तोंड एक, शेपूट वेगळे, आणि परटिणीचा दुसरा भाग स्वतंत्र. आई-लेक म्हणण्यापेक्षा यांना एकाच घरात वाढलेल्या चुलत बहिणी म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

पाठभेद

पाठभेद हा शब्द आपण पोथ्यांसाठी वापरतो. लोकसंगीताला तो अधिकच लागू पडतो, कारण इथे मूळ प्रत कधी नव्हतीच. या जिगचे पाठभेद ढोबळमानाने वाद्य, प्रदेश आणि उपयोग या तीन कारणांनी झाले.

वाद्याचे कारण सर्वांत स्पष्ट आहे. सुरावट मंद्र पंचमापासून तार सप्तकातील गांधारापर्यंत जाते, म्हणजे तिचा विस्तार तेरा सुरांचा आहे. डी पट्टीच्या बासरीचा आणि टिन व्हिसलचा सर्वांत खालचा सूर नेमका हाच मंद्र पंचम, त्यामुळे त्यांवर ती अलगद बसते. आयर्लंडच्या उलेन पाइपवरही, म्हणजे तिथल्या बॅगपाइपवरही, दोन सप्तके मिळतात. स्कॉटलंडच्या हायलँड बॅगपाइपवर मात्र मोजून नऊ सूर आहेत. तिथे सुरावट दुमडावी लागते. खालचा पंचम आणि वरची उडी दोन्ही सोडून, उरलेल्या नऊ सुरांत तिची ओळख टिकवायची. पाइपवादकांनी ते करून दाखवले आहे, आणि तरीही ती दोन खंडांत ओळखू येते. सांगाडा किती बळकट आहे याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

प्रादेशिक भेद सुरांपेक्षा उच्चारात अधिक आहेत. डोनेगलकडे प्रत्येक सुराला गजाचा स्वतंत्र फटका देण्याची, करकरीत आणि वेगवान वादनाची सवय आहे. तिथे ‘ग सा सा’ हे तीन सूर तीन खडे पडल्यासारखे वाजतात. स्लायगोच्या शैलीत, जी मायकेल कोलमन यांच्यासारख्या वादकांनी १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणांतून जगभर गेली, गज दोन-तीन सुरांना एका ओढीत घेतो आणि जोड ठेक्याच्या पलीकडे जातो. शिवाय जिथे तीन मात्रा एकाच सुराभोवती आहेत तिथे ‘रोल’ घालता येतो: मुख्य सूर, वरचा सूर, पुन्हा मुख्य, खालचा, पुन्हा मुख्य, असा पाच सुरांचा वेढा. समारोपाच्या ‘ग सा सा, सा’ मध्ये शेवटचा षड्ज असा वेढून घेतला, की तोच समारोप वेगळ्या व्यक्तीने बोलल्यासारखा वाटतो. केरी आणि कॉर्कच्या सीमेवरील स्लीव लुआक्रा भागात पॉड्रिग ओकीफ हे फिरते शिक्षक आपल्या शिष्यांना सुरावटी लिहून देत त्या स्वतःच्या लिपीत: चार तारांसाठी चार जागा आणि त्यांत बोटांचे आकडे. असे कागद सूर सांगतात. गज कसा चालवायचा हे शेजारी बसूनच कळते.

उपयोगाने झालेला भेद मात्र जिव्हारी लागणारा आहे. स्कॉटिश हायलँड नृत्यस्पर्धांमध्ये ‘आयरिश जिग’ नावाचा एक नाच आहे, आणि तो याच सुरावटीवर होतो. नाचणारी मुलगी पांढरा एप्रन बांधून, कंबरेवर हात ठेवून, मुठी उगारत, चिडलेल्या आयरिश परटिणीचा आव आणते. मुलगा हातात दांडका घेतो. नृत्य म्हणून त्यात कौशल्य आहे, मुली वर्षानुवर्षे मेहनत घेतात. पण शेजारच्या गरीब लोकांना भांडखोर आणि हास्यास्पद दाखवण्याची जी सवय ब्रिटिश रंगभूमीला १८ व्या आणि १९ व्या शतकात होती, तिचाच हा अवशेष आहे. सुरावटीत राग कुठेही नाही. तो नावावरून आला आणि चिकटला. आज आयर्लंडमधले वादक हिला मैफलीत टाळतात त्यामागे अतिपरिचय आहेच, पण ही जुनी टोचणीही आहे, असे मी मानतो.

अमेरिकेत ती चौकोनी नाचांची हमखास चाल बनली. तिथल्या पाठांत उतरत्या जागेचे सूर बऱ्याचदा सोपे केलेले आढळतात, कारण एकल पावलांऐवजी खोलीभर जोड्यांना एकाच वेळी फिरवायचे असते. म्हणजे एका अर्थाने ती पुन्हा डार्गासनच्या घरी गेली.

दोन संगीतकार, दोन स्वभाव

डार्गासन आणि परटीण यांच्या स्वभावातला फरक दोन रचनाकारांनी, एकमेकांशी संबंध नसताना, स्वच्छ दाखवून दिला आहे. गुस्ताव होल्स्ट यांनी १९११ मध्ये लष्करी बँडसाठी लिहिलेल्या दुसऱ्या ‘सूट’चा (सूट म्हणजे छोट्या रचनांची माळ) शेवट डार्गासनवर केला, आणि लंडनच्या सेंट पॉल्स मुलींच्या शाळेसाठी लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या सूटमध्येही तिचाच वापर केला. ते चालीला मिटवायचा प्रयत्नच करत नाहीत. ती गोल फिरत राहते आणि तिच्यावर वेगळ्या ठेक्यातली ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ ही जुनी इंग्रजी चाल येऊन बसते, दोघी एकाच वेळी चालतात, एक निघून जाते आणि पहिली तशीच फिरत राहते. लिरॉय अँडरसन यांनी १९४७ मध्ये बॉस्टनच्या आयरिश मंडळासाठी ‘आयरिश सूट’ लिहिला, त्याची सुरुवात परटिणीने होते. तिथे मात्र प्रत्येक आठ खंडांचा समारोप ठसठशीत आहे, आणि वाद्यवृंद त्या-त्या जागी श्वास घेऊन नव्या रंगात पुन्हा सुरू होतो. दोघांनी ऐकले तेच केले. एकीला शेवट नव्हता, दुसरीला होता.

नोंदणीचा प्रश्न

शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ च्या आपल्या संग्रहात १,८५० सुरावटी दिल्या, त्यांतल्या ४१५ या डबल जिग, म्हणजे परटिणीच्याच जातीच्या. इतक्या साऱ्या सुरावटींत एकच चाल दोन नावांनी आली आहे का, हे पाहायचे तर नावांचा उपयोग नाही, कारण आयरिश परंपरेत नाव ही केवळ हाक आहे. ती गावागणिक बदलते. ब्रेंडन ब्रेहनख (१९१२ ते १९८५) यांनी यावर उपाय म्हणून आरंभीच्या खंडांतील ठळक ठोक्यांचे सूर आकड्यांत मांडून हजारो सुरावटींची कार्डे तयार केली. या पद्धतीने परटिणीचे तोंड मांडले, तर पहिल्या दोन खंडांत ३, ५, ३, ५ आणि पुढच्या दोहोंत ४, ६, ४, ६ असे आकडे येतात. एकाच तोंडाच्या चाली अशाने शेजारी-शेजारी येऊन बसतात, आणि नावांच्या जंगलात हरवलेले नाते एका नजरेत दिसते. त्यांच्या या कष्टांवर पुढच्या सगळ्या अभ्यासाची इमारत उभी आहे.

परंतु परटिणीचे प्रकरण सांगते की या पद्धतीला एक जोड हवी आहे. तोंडाने लावलेली कार्डे तिला डार्गासनजवळ नेऊन ठेवतील, आणि ते बरोबरच आहे. शेवटच्या दोन खंडांच्या सुरांनी दुसरी चळत लावली, तर ती ज्यांचा समारोप तिच्यासारखा आहे अशा आयरिश जिगांमध्ये जाऊन बसेल, आणि डार्गासनचे कार्ड तिथे आसपासही दिसणार नाही. डब्लिनमध्ये १९८७ पासून आयरिश पारंपरिक संगीताचे अभिलेखागार आहे, जिथे ध्वनिमुद्रणे, हस्तलिखिते आणि छापील संग्रह एका छताखाली आहेत. अशी दुसरी चळत लावायला लागणारे सारे साहित्य तिथे आहे. १८ व्या शतकाच्या उत्तरार्धातील जिगांपासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक कार्डावर आठव्या खंडाचा शेवटचा सूर आधी लिहावा.